वाऱ्याआधीचा फोटो

उद्यमनगरातल्या माझ्या शेडात
रंग म्हणजे झाकणं.
पोचा ठोकायचा, लांबी भरायची, पॉलिश पेपर मारायचा,
मग वरून असा कोट
की धडकेचं नाव कुणी काढू नये.
तीस वर्षं मी ट्रकांच्या वतीनं
खोटं बोलत आलोय, चकचकीत.

सरनोबत मॅडमनी कॉलेजवर बोलावलं
तेव्हा वाटलं, खिडक्या रंगवायच्या असतील.
टेबलावर हातभर लांब पंख होता,
शिरोलीच्या फाउंड्रीत ओतलेला, ॲल्युमिनियमचा,
ना पाखराचा ना विमानाचा.
"दस्तगीरभाई, आधी पांढरा, मग हा गुलाबी.
थर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ."
डबीवरची किंमत वाचली
आणि गन धरलेल्या हाताला पहिल्यांदा कापरं भरलं.

हा रंग झाकत नाही, त्या म्हणाल्या, सांगतो.
निळ्या दिव्याखाली तांबडा पेटतो,
आणि हवा दाटते तिथं
तिच्यातला प्राणवायू त्याचा उजेड खातो.
दाब जास्त तिथं अंधूक,
हवा विरळ तिथं लख्ख.
पूर्वी भोकं पाडून नळ्या जोडायचे,
भोक असेल तेवढ्याच जागेचं कळायचं.
आता अख्खं अंग बोलतं.

म्हणजे चहाडखोर रंग, मी म्हटलं.

काळे पडदे ओढले. बोगदा गप्प. एक फोटो.
मग वारा सोडला,
आधी गुऱ्हाळाच्या चरकासारखा कुरकुरत,
मग राजाराम बंधाऱ्यावरून पंचगंगा उतरते
तसा एकसुरी. दुसरा फोटो.
मला तरी दोन्ही सारखेच दिसले.

आणि दोन्हींत, पंखाच्या टोकाशी,
माझा अंगठा.
ओला असतानाच उचलला होता मी.
रेशनच्या मशीनला चार-चार वेळा न सापडणारा,
थिनरनं झिजलेला अंगठा,
इथं रेघ न् रेघ उमटलेला.

तोंड कोरडं पडलं.
"राहू दे," मॅडम म्हणाल्या, "भागाकारात जातो.
बिनवाऱ्याचा फोटो भागिले वाऱ्याचा.
रंग कमी-जास्त बसला असेल
तर दोन्हीकडं तसाच बसलाय.
उरतो फक्त वारा."

पहिल्या खेपेला एक कड उरली, चंद्रकोरीएवढी,
कारण वाऱ्यानं पंख केसभर वाकला होता.
मग त्यांनी खुणेचे काळे ठिपके
ठिपक्यांवर नेमके बसवले
आणि मी पुसला गेलो.

पडद्यावर पंखाची पाठ,
पुढच्या काठामागं तांबडा पट्टा, हवा पळते तिथं,
मागं पिवळं, निळं होत गेलेलं.
देखणं होतं, नाही कशाला म्हणू.
पोरांनी टाळ्या वाजवल्या.

चहा झाला, पाकीट मिळालं.
दारात थांबून विचारलं,
तो आधीचा फोटो मिळंल का, वाऱ्याआधीचा?
"त्यात काहीच नाही हो," त्या म्हणाल्या,
पण दिला.

आता तो शेडात कॅलेंडरच्या खिळ्याला असतो.
परवा एक ट्रकवाला बघत उभा राहिला.
कोपऱ्यात डाग पडलाय, म्हणाला.
म्हटलं, हो.
राहू दे.