केशनलिका

फॉर्मवर 'व्यवसाय' या रकान्यात मी लिहिलं :
काच फुंकणे.
काउंटरवरची मुलगी म्हणाली, काका, सर्व्हिस का बिझनेस?
सर्व्हिस. पाषाणची प्रयोगशाळा. चौतीस वर्षं.
मार्चमध्ये सुटलो.

नळस्टॉपजवळ, तिसरा मजला.
खिडकीसमोरून मेट्रो गेली
आणि डबाभर माणसं माझं नाक बघून गेली,
असं वाटलं.

नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालांच्या उंचवट्यावर
बारीक लाल रेघा,
कुणी शाईचं पेन झटकून बघावं तशा.
ज्योतीसमोर बसणाऱ्याला त्या येतात.
आमच्या खात्यात त्यांना नाव नव्हतं,
सोसायटीत होतं.
परांजप्यांनी लिफ्टमध्ये विचारलं,
"संध्याकाळी रोज बसता वाटतं?"
बसतो, मी म्हणालो, गॅलरीत.
त्यांना जे ऐकायचं होतं ते त्यांनी ऐकलं.

मग ऋजुताच्या बोलणीला
साताऱ्याच्या काकांनी चहा नको नको म्हणत
माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग शोकेसकडे,
तिथल्या माझ्या चंबूंकडे –
एक लांब मानेचा, एक गोल बुडाचा –
आणि परत चेहऱ्याकडे.
सुलभाने सकाळी भिशीचे पैसे उचलले,
नळस्टॉपला भरून आली.
दुपारी साताऱ्याहून होकार आला.
भरलेली रक्कम परत मिळत नाही,
हे पावतीवरच छापलेलं होतं.

डॉक्टर भोंडवे वयाने ऋजुताएवढ्याच.
भिंगातून बघत म्हणाल्या, केशवाहिन्या.
लोक फुटलेल्या म्हणतात, पण फुटलेल्या नाहीत,
ताणल्यात. पुन्हा आवळायचं विसरल्यात.
तीन-चार सिटिंग लागतील.
मी म्हणालो, मी केशनलिका ओढायचो.
जाड नळी तापवायची, मधासारखी झाली
की ज्योतीबाहेर आणून
दोन्ही हात लांब करायचे, एका दमात.
मध्ये केसाएवढी पोकळी उरते
आणि पाणी तिच्यातून वर चढतं,
कुणी न सांगता.
त्यांनी ऐकून घेतलं. बाहेर तीन पेशंट होते.

डोळ्यांवर चष्मा आला.
माझा कामावरचा जांभळट होता,
काचेतून भडकणारा पिवळा तेवढा गिळायचा.
हा काळाकुट्ट. काहीच दाखवत नाही.
गार जेल. मग टक्.
रबरबँड ताणून गालावर सोडावा, तसं.
टक्. जळक्या केसाचा वास.
"कातडीला नाही लागत हो फारसं.
लाल रंग हा प्रकाश पितो, तापतो, आणि शीर मिटते."
म्हणजे शेवटी पितोच आहे, मी म्हणालो.
"हलू नका."

नळीचं टोक बंद करायला बूच लागत नाही.
ज्योतीत धरायचं फक्त.
काच आपणहून आत ओढली जाते,
तोंड मिटतं, थेंबासारखं गोल होतं.
किती पोरांना मी हे मनगट धरून शिकवलं,
आणि आता माझ्याच गालावर कुणी माझं काम करत होतं
आणि मला ते बघता येत नव्हतं.
हात स्थिर आहे का तिचा,
टोक नीट मिटतंय का,
एवढंच विचारायचं होतं.

चार दिवस गाल जांभळे.
परांजप्यांनी आता लिफ्टमध्ये काहीच विचारलं नाही,
म्हणजे त्यांनी पडल्याचंही धरलं असणार.
उन्हात जाऊ नका, तिखट कमी, ही क्रीम दिवसातून तीनदा.
आणि आच? आच अजिबात नको, काका,
नाहीतर दुसऱ्या येतील.

गॅलरीतला बर्नर मी त्यांना सांगितला नाही.
ऋजुताच्या रुखवतात ठेवायला
काचेच्या पाच घागरी, करंगळीएवढ्या.
तीन झाल्यात.
चौथीची मान काल वाकडी गेली.

रात्री साडेदहाला मी नळी हातात घेतली
तशी सुलभा क्रीमची ट्यूब घेऊन आली.
ही उन्हाची आहे, मी म्हणालो.
"तोंड इकडे कर," ती म्हणाली
आणि भिंतीला चुना द्यावा तशी
जाड थापत राहिली.