खालचा थर

साखरी नाट्यात, बर्फाच्या कारखान्यामागे
मच्छीमार सोसायटीचं ऑफिस.
पाच कॉम्प्युटर, बँकेने टाकून दिलेले,
खाऱ्या हवेने कडा खाल्लेले.
मी राजापूरहून पेनड्राइव्ह घेऊन उतरले.

त्यात मी बांधलेली लिनक्स:
मराठी फॉन्ट, डिझेल परताव्याचा तक्ता,
सारंगचाचांना चष्म्याशिवाय दिसावीत एवढी अक्षरं.
दोन महिने रात्री बसून
नको ते काढलं, हवं ते भरलं,
मग सगळं दाबून एका फाइलीत बसवलं
पेटीत वाकळ बसवतात तसं, गुडघा देऊन.

पेनड्राइव्ह लावला, मशीन उठलं.
डिस्कला हात न लावता, नुसत्या मेमरीवर.
शकील होडेकर म्हणाला, "झालं की!"
कुठलं झालं.
हे पाहुण्याचं राहणं. बटण बंद केलं
की सकाळी चहा कोणी दिला तेही आठवायचं नाही त्याला.

म्हणून इन्स्टॉलर.
तोही आतलाच, त्याच मेमरीत उभा.
ज्या फळीवर पाय, तीच फळी
पलीकडच्या होडीत न्यायची, असलं काम.
भाषा विचारतो. गाव विचारतो,
कोलकाता म्हणतो, आपण हो म्हणायचं.
डिस्कचे वाटे पाडतो
आणि वाकळ उलगडायला लागतो, टक्का टक्का.

सकाळपासून मी प्रिंटर जोडला होता.
शकीलने पडद्यावर आपल्या बोटीचा फोटो लावला होता,
नवा रंग दिलेला, निळा-नारिंगी.
अठ्ठ्याहत्तर. एकोणऐंशी. मग बराच वेळ एकोणऐंशीच.
शंभर झाले, पेनड्राइव्ह काढला, पुन्हा चालू केलं:
प्रिंटर नाही. बोट नाही.
"आत्ता तर होती!"

होती. वरच्या थरात होती.
इन्स्टॉलर जागेपणीचं काही घेत नाही.
तो खालचा थर नेतो, वाचता येणारा पण बदलता न येणारा,
राजापुरात ज्या रात्री मी शिक्का मारला
त्या रात्रीइतकाच.

आणि त्या रात्रीचं सगळं नेतो.
पाचही पडद्यांवर उजव्या कोपऱ्यात
माझी चिठ्ठी उघडली:
आईच्या गोळ्या.
गॅस.
विनायकला फोन करायचा नाही.

पंखा फिरत राहिला.
सेक्रेटरी हमीदाबानू सोलकर
पावतीपुस्तकातून मान वर न करता म्हणाल्या,
"गोळ्या नेल्यास ना गो?"
मी हो म्हटलं.

त्यात पाचही मशीनं एकाच ओळखीची.
राउटरला वाटे, एकच कोणीतरी
पाच खुर्च्यांवर बसतंय.
एकाला पत्ता दिला की दुसऱ्याचा जाई.
दारात दस्तगीर उभा, फायबरच्या होड्या काढणारा,
अंगाला रेझिनचा वास.
"साच्यातून काढलीस ना? मग.
साच्याला ओरखडा, की पन्नास होड्यांना तोच ओरखडा.
आणि नंबर साच्यात घालतात काय कोण?
तो पाण्यात ढकलायच्या आधी, एकेकीला."

खरंच होतं.
ओळखीची ती एवढीशी फाइल कोरी ठेवायची असते,
पहिल्यांदा जाग आली की
ज्याने त्याने आपली भरून घ्यावी.
मी माझीच आत ठेवून झाकण लावलं होतं.

मग पाच वेळा बसले, पाच वेळा पुसलं.
नावं दिली: बांगडा, तारली, मोडुसा, पेडवा.
पाचव्याला सुचेना, शकीलने बोटीचं दिलं.
चिठ्ठ्याही काढल्या. तिसरी ओळ आधी.

शेवटची एसटी. पुलावर खाडी काळी.
घरी येऊन मूळ थर उलगडला,
चिठ्ठी पुसली, ओळख कोरी केली,
गुडघा देऊन पुन्हा बसवलं सगळं.
पावणेबारा.
आई आतून म्हणाली, दुकान उघडं होतं का गं?