आडवा आला

सातपूरला दिवसभर बेअरिंगचे मायक्रॉन मोजतो,
रात्री म्हसरूळच्या गच्चीवर एका ताऱ्याचा उजेड.
अगदी आपल्या सूर्याच्या जातकुळीतला.

दोन वाजून दहा मिनिटांनी आलेख खचला:
शंभरातला एक भाग कमी.
वाटलं, बोरगडावरचा ढग.
शेजारचे तारे तपासले; ते जिथल्या तिथे.
तीन तासांनी उजेड भरून आला.

त्या खाचेवरून त्याचं माप काढलं,
व्हर्नियर न लावता: गुरूएवढा.

कुमुद शाल घेऊन वर आली.
‘दिसला?’
‘नाही. आडवा आला.
साडेतीन दिवसांचं वर्ष त्याचं.’
‘साडेतीन? म्हणजे वणीच्याच हिशोबातला.’

परत येईल शुक्रवारी, दुपारी दोन दहाला,
लख्ख उन्हाआड,
मी पहिल्या पाळीत
एक बेअरिंग उजेडाकडे धरून
बघत असताना.