कळणा

भालोदच्या स्टँडवर मला उतरवून
सहाची गाडी फैजपूरकडे निघून जाते.
पिशवीत सुया, पट्ट्या, स्पिरिटचा कापूस,
एक्केचाळीस प्रश्नांचे छापील कागद.
केळीच्या बागांतून गारठा येतो ओल्या पोत्यासारखा.
म्हातारी माणसं उपाशीपोटी ओट्यावर बसलेली,
बोट पुढं करून,
मतदानाची शाई लागायची असल्यासारखी.

साठ माणसं. पासष्टीच्या पुढची, सगळ्यांना साखर.
तिसांच्या पिशवीवर निळी खूण :
ज्वारी, सालासकट उडीद, वर मूठभर मेथीदाणा.
तिसांच्या पिशवीवर लाल : गहू, नुसता गहू.
बारा आठवडे.
जळगावला सर म्हणाले होते,
कुणाला काय दिलं, ते कुणाला कळता कामा नये.
सर कोकणातले.

क्रमांक सतरा, तोताराम फेगडे, यांनी
पिशवीची गाठ न सोडता नुसतं नाक लावलं.
'हा गहू हाये. अन् शेजारीन बाईले कळणा.
कळणाच हाये तो, माय.
न कळून कसं चालीन?'

काल काय खाल्लं, मी विचारते.
'भाकर.' म्हणजे पोळी ना? 'तेच ते.'
केवढी?
पुठ्ठ्याची वर्तुळं पुढं ठेवते, लहान, मध्यम, मोठी.
ते तिन्ही सारतात बाजूला,
केळीच्या चिकानं काळा पडलेला पंजा उघडतात.
'एवढी. आता आपल्याच हाताएवढी.'
ठेचा? 'तोबी धरतात का? मंग लिव्ह.
भरीत लिव्ह, काड्यांवर भाजेल, कांद्याची पात, तेल.'
तेल किती चमचे?
'चमच्यानं कोन घालतं व?'

सातव्या आठवड्यात आकडे फिरले.
सतरा, लाल खूण : दोनशे बारावरून एकशे छप्पन.
एकतीस, वच्छलाबाई बोरोले, निळी खूण :
जागच्या जागी. उलट चार वर.
सर फोनवर म्हणाले, काढून टाक दोन्ही,
असे एखाद-दोन निघतातच.

त्या दुपारी मी न सांगता गेले.
दोन घरांच्या मधे कमरेएवढी भिंत,
भिंतीवर ताट, ताटावर फडकं.
वच्छलाबाईनं तोंड उघडून दाखवलं,
खाली चार, वर एकही नाही.
'कळणा चावाले दात लागतात.
त्याची पोळी मऊ, मले. माझी भाकर त्याले.
दोघांचं पोट भरतं,
तुमचं काय बिघडलं?'

एक्केचाळीस प्रश्न.
तंबाखू विचारली होती, चहातली साखर,
पायाला मुंग्या येतात का, शेत किती लांब,
मुलगा पुण्याला की सुरतेला.
दात नव्हते विचारले.

रागावले मी, म्हणजे तसं ठरवून गेले होते.
म्हटलं, भिंतीवरचं ताट बंद.
ज्याची पिशवी त्यानंच खायची.
बाई बरं म्हणाली.
ते काहीच बोलले नाहीत.
फडकं झटकलं, चार घड्या घातल्या,
माझ्या वजनकाट्यावर ठेवून दिलं.

आज नववा आठवडा.
भिंतीपलीकडं वच्छलाबाई
कळण्याचा चुरा ताकात भिजवतेय, बोटांनीच.
तिचा आकडा उतरलाय. सर खूश आहेत.
इकडं तोतारामबाबा इमानानं गहू खातात,
पंजाएवढा, दोन वेळा.

त्यांचं बोट गार. कातडं जाड.
सुई दोनदा टोचली तरी थेंब येत नाही.
मी ते बोट दोन्ही तळव्यांत धरून चोळते,
बराच वेळ.
'काय येईन?' ते विचारतात.

मला कळतंय काय येईल.
थेंब येतो. पट्टी तो ओढून घेते.
पाच, चार, तीन,