वाढीव मजला

आबा पहाटे चारला उठतात.
मार्केट सुटून नऊ वर्षं झाली, तरी उठतात,
लघवीला जातात, आणि परत येऊन झोपत नाहीत.
ओट्यावर बसतात.
विचारलं तर म्हणतात,
मी लघवीला उठलो होतो म्हणून आहे.

मोरणेच्या खोऱ्यात, डिसेंबरात, नऊ वर्षांचा पोरगा
परड्यात उभा होता चड्डीची नाडी धरून
आणि मागं घर बसलं.
पडलं, असं ते कधी म्हणत नाहीत.
बसलं, म्हणतात.
आत बहीण होती. तिचं नाव आमच्यात
कुणालाच ठेवलेलं नाही.

कोपरखैरण्याचं हे घर सिडकोनं दिलं तेव्हा
एक खोली, एक मोरी, वर आभाळ.
मग आम्ही वाढलो तसं तेही वाढलं,
पहिला मजला थोरल्याच्या लग्नात,
दुसरा भाडेकरूंसाठी,
आणि तिसऱ्याच्या सळया मन्सूर मिस्त्रीनं
गच्चीवर तशाच उघड्या सोडल्या,
पुढंमागं लागेल म्हणून.
प्रणिता त्यांना दोऱ्या बांधून कपडे वाळत घालते.

यंदा मी म्हटलं, घालू या स्लॅब.

आबांनी मला खाली नेलं. दुकानाच्या गाळ्यातल्या खांबावर
हात ठेवला, टोळीतल्या जोडीदाराच्या
खांद्यावर ठेवावा तसा.
"ह्याच्या पाठीवर आत्ता किती आहे?"
मी म्हटलं, माहीत नाही.
"मला माझं माहीत असायचं.
शंभराची गोण चढली तरी माणूस उभा राहतो रे.
उभं राहायला काय लागतं.
ट्रकाची फळी पायाखाली हलली
की मग कळतं, किती उचललं होतं."

स्लॅब राहिला.
त्या पैशात खांबांना सळयांचं नवं जाळं, वरून काँक्रीट.
खांब एवढे जाडजूड झाले की
माझी मोटरसायकल आता आत जात नाही,
ती गल्लीत भिजते.
कपाट भिंतीला आवळलं. पाण्याची टाकी दोन वीत सरकवली.
गॅसचा नॉब ईश्वरीलाही डोळे मिटून बंद करता येतो,
ती सहा वर्षांची आहे आणि तिला हा खेळ वाटतो.
उशाशी चपला, कारण काचा.
आणि प्रत्येकाच्या उशीखाली शिट्टी.
मोबाईल असतो की, मी म्हटलं, हाक मारता येते.
आबा म्हणाले, हाक संपते.
दुपारपर्यंत पुरते, मग संपते.

कपाटावर स्टीलचा पेला, उपडा, त्यावर दुसरा.
मांजरानं दोनदा पाडला.
दोन्ही वेळा आम्ही अख्खं घर
गल्लीत, बनियनवर, शेजाऱ्यांच्या हसण्यासकट.

फेब्रुवारीत पडला तेव्हा मांजर माझ्या पायाशी होतं.

जमिनीखालून कुणीतरी ट्रक मागं घेतंय असं वाटलं,
आणि तो थांबेचना.
भांडी. मग कुठलीतरी काच. मग ईश्वरीची शिट्टी,
टेबलाखालून, लांबलचक, एका दमात.
हललं थांबल्यावर अंधारात मी नॉबकडे हात नेला.
तो बंद होता. तो आधीच कुणीतरी बंद केला होता.

गल्लीत सगळे समोरासमोरच्या भिंतींच्या मधोमध
गोळा झालेले. आबा ओरडले,
हितं नको, हितं वरून येतं, मैदानात चला,
आणि आम्हाला हसलेल्या तानुबाई
चपला नसलेल्या पायांनी सगळ्यांच्या पुढं.

मैदानात गाड्याच गाड्या. मधल्या जागेत आबांनी
मुकादमासारखं बोट फिरवत मोजलं.
भाडेकरू धरून अकरा असायला हवं होतं.
आम्ही अकरा होतो.
"एक कमी आहे," ते म्हणाले.
मी परत मोजलं, मोठ्यानं, नावं घेऊन.
"एक कमी आहे."
प्रणितानं माझा हात दाबला. मी तिसऱ्यांदा मोजलं नाही.

टीव्हीवर सकाळी म्हणाले, किरकोळ.
तेव्हा तर अजून चारही वाजले नव्हते.
आबा भिंतीच्या कोपऱ्यापाशी लघवीला गेले,
आणि ते परत येईपर्यंत
आमच्यापैकी कुणीच घराकडे वळलं नाही.