साउंड चेक

माइक माझा होता, हे मी कुणाला सांगत नाही.
मिरजेतून घेतलेला, सेकंडहँड,
जाळीला एका बाजूनं पोचा.
वखारभागातल्या गणपतीसमोर
दिलावर नदाफनं पहिल्यांदा त्यात तोंड घातलं,
पाहुण्यांची गाडी अंकलीला अडकली म्हणून.
अध्यक्ष म्हणाले, दहा मिनिटं कोणीतरी उभं राहा रे.
तो पन्नास मिनिटं उभा राहिला.

जुन्या हळदीच्या सौद्याची नक्कल केली.
रुमालाखाली दोन व्यापारी, बोटांत बोटं,
आणि त्यातला एक कळवळून म्हणतोय,
"भाव ऱ्हाऊ द्या शेट, हात सोडा,
घरी बायको वाट बघतीय."
माणसं खुर्च्यांवरून घसरली.
माझ्या मीटरचा काटा लाल पट्ट्यात थरथरत राहिला.
मी आवाज कमी केला नाही.

मग पुणं. तिकीट लावून. साठ खुर्च्या, कॉफीचा वास.
शोच्या आधी फोन करायचा,
"बापू, ऐक. कुठं हसतील सांग."
मी ॲम्प्लिफायर उघडून बसलेला, हातात सोल्डर,
सांगायचो, इथं थांब. इथं पाणी पी.
विनोद सगळे अब्बांचे.
पिंजायच्या धनुकलीचा आवाज तो तोंडानं काढायचा,
टण्ण, टण्ण, ढूंऽ,
म्हणायचा, गिटार आमच्याही घरात होती,
फक्त वाजवली की गादी व्हायची.

अब्बांनी तो व्हिडिओ माझ्या दुकानात चारदा बघितला.
हसले नाहीत. एवढंच विचारलं,
"त्यात दुकानाचा पत्ता सांगितलाय का?"

महापुराच्या पुढच्या वर्षी विश्रामबागेत शो होता.
त्यानं पुराचा विनोद काढला:
अख्खं सांगली तरंगलं, बुडाल्या त्या आमच्याच गाद्या.
कुणी हसलं नाही.
सात सेकंद. मी मोजले, सवयच आहे मला.
दुसरा कोणी असता तर पुढच्या विनोदावर उडी मारली असती.
हा तसाच उभा, माइक हनुवटीला लावून,
लोकांकडे बघत,
लोक त्याच्याकडे.
स्पीकरमधून नुसता त्याचा श्वास येत होता.
कुठल्या डायरेक्टरनं त्याला शोधलं, पेपरात काय आलं,
ते असू दे.
मला वाटतं तो नट झाला तो तिथं.

आधी हवालदार. परत हवालदार.
मग हिरोचा मित्र, ज्याच्यावर पाणी पडतं.
एका पोस्टरवर तर तो नव्हता,
त्याची छत्री होती.
रात्री दीडला फोन,
"कॅमेऱ्यापुढं कोणच हसत नाही, बापू.
मी जीव तोडतोय आणि लाइटवाला जांभई देतोय."
मी म्हटलं, लाइटवाल्याला बारा तास झाले असतील.
बराच वेळ गप्प होता.
नंतर नंतर हसणाऱ्या जागा विचारायचं त्यानं सोडलं.
मीही ओळखायचं विसरलो.

यंदाचा पिक्चर बघायला अख्खी गल्ली.
तो दिसला तशा शिट्ट्या.
एसटीचा कंट्रोलर झालाय. म्हातारा केलाय त्याला.
पोरगं गेल्याची बातमी येते,
आणि हा बाकावर बसून तिकिटांची थप्पी नीट करतो.
एक शब्द नाही.
मागं कोणीतरी सवयीनं हसलं, मग आपोआप थांबलं.
माझी बोटं अंधारात मांडीवर
आवाजाचं बटण शोधत होती.

मग त्यानं दोन बोटांनी भुवई चिमटीत धरली
आणि तिथं नसलेलं काहीतरी काढून
खाली सोडलं.

एसटी स्टँडवर कापूस कुठून येणार?

बाहेर आलो तर अब्बा पायरीवर चप्पल शोधत होते.
म्हणाले, "माझं चोरलंय लेकानं.
पैसे तरी दिले का त्याला ह्याचे?"
मी म्हटलं, दिले असतील.
"मग बरं."
रिक्षात बसता बसता त्यांनी भुवईला हात लावला,
बोटांकडं बघितलं.
होतं. पांढरं, बारीक,
दुपारच्या गादीचं.