उणे बारा

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
आज स्क्रीनवर लाल अक्षरांत आलं:
टॉवेल, गुलाबी, शिल्लक उणे बारा.

"आता नसलेले बारा ठेवायचे कुठं?"
व्यंकटय्या वडनालनं चष्मा कपाळावर चढवला.
चाळीस वर्षांत त्याच्या वहीत
शून्याखाली कुणी उतरलं नव्हतं.

काका, बिल सकाळी फाडलंय, श्रीलता म्हणाली,
माल आत आल्याची नोंदच नाही.

तो गोदामात गेला.
गठ्ठ्यांवर तळवा टेकत
ओकटि, रेंडु, मूडु...
मराठीत मोजलं की त्याचं चुकतं.

जॅकार्डच्या जुन्या पुठ्ठ्यांमागं
(भोक असलं की दोरा वर,
नसलं की खाली,
तेवढ्यावर मोर विणला जायचा)
एक डझन. सुतळीत.
चिठ्ठी त्याच्याच हातची:
शिलाईवाली यल्लूबाई. लेकीचं लग्न.
पैसे पगारातून, थोडे थोडे.

मागावरून उतरताच बाजूला काढलेला माल.
नोंद करायची राहिली.
विसरला होता, की नव्हता.

श्रीलतानं बारा आकडा टाकला.
यंत्रानं कारण विचारलं.
यादीत तुटफूट होती, नमुना होता, परत माल होता,
लग्न नव्हतं.
तिनं "इतर" निवडलं.

शून्य.

व्यंकटय्यानं तरी वही उघडली,
तारीख घातली,
आणि मुलीचं नाव विचारायला
शिलाई खात्याकडं निघाला.